‘पास्कलचा नियम आहे, हात कुठेही ठेवा’: रक्तदाबाच्या मेसेजमधलं अर्धवट भौतिकशास्त्र

रक्तदाबाबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रक्तवाहिन्या म्हणजे द्रवाने भरलेल्या बंद नळ्या. पास्कलच्या नियमानुसार बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा असतो. त्यामुळे हात हृदयाच्या पातळीला ठेवा, दंडावरच मोजा, अमुक मापाचाच पट्टा वापरा, या सगळ्या सूचना निरर्थक. रक्त गोल फिरून परत हृदयात येतं, म्हणून उंचीचा परिणाम आपोआप कटतो. बाहेर हवेचाच दाब ७६० असताना १२० या आकड्याला काही अर्थ नाही. नळी जिथे अरुंद तिथे दाब जास्त, म्हणून बीपी नॉर्मल असेल तर ब्लॉकेज नाही असं समजा. आणि दर वेळी आकडा बदलतो, याचा अर्थ मोजणंच खोटं. मग गोळ्या कशासाठी?

या शेवटच्या प्रश्नामुळेच हे लिहितो आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. पास्कल, बर्नुली ही नावं घेऊन कुणी माणसांना गोळ्या सोडायला सांगत असेल, तर गप्प बसणं मला जमत नाही. मेसेजमधली नावं खरी आहेत, नियमही खरे आहेत. पण प्रत्येक नियमाचा अर्धा भाग वापरला आहे आणि उरलेला अर्धा, जिथे नेमकं उत्तर आहे, तो गाळला आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ. पुढे जिथे नुसता आकडा येईल तिथे तो मिलिमीटर पाऱ्यातला दाब समजावा.

‘बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा’

पास्कलचा नियम असं म्हणतच नाही. नियम असा आहे: बंदिस्त आणि स्थिर द्रवावर एका ठिकाणी दाब वाढवला, तर तेवढीच वाढ द्रवात सगळीकडे पोहोचते. वाढ सगळीकडे सारखी. एकूण दाब सारखा नव्हे. एकूण दाब खोलीप्रमाणे बदलतो, कारण खालच्या थरावर वरच्या सगळ्या द्रवाचं वजन असतं. हे शाळेतल्या त्याच धड्यात असतं: दाबातला फरक म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची.

मग हायड्रॉलिक जॅकच्या गणितात आपण उंची का धरत नाही? कारण तिथले दाब वातावरणाच्या शेकडो पट असतात आणि द्रवाच्या एक मीटर उंचीने पडणारा फरक वातावरणाच्या दहाव्या हिश्शाएवढा. तो सोडून दिला तरी बिघडत नाही. शरीरात मात्र १२० हा सगळा दाबच वातावरणाच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढा आहे. जॅकमध्ये नगण्य असलेली उंची इथे मोठी होते. मेसेजची पहिली चूक इथेच झाली आहे: यंत्रासाठी केलेली सोय शरीराला जशीच्या तशी लावली आहे.

किती मोठी होते, ते मोजूनच बघू. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, रक्ताची १.०६ पट. म्हणजे पाऱ्याच्या १ मिलिमीटर उंचीला रक्ताची सुमारे १२.८ मिलिमीटर उंची तोलून धरते. उलट बाजूने, रक्ताचा १ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ०.७८. हा एकच आकडा लक्षात ठेवला तर या मेसेजचा बराचसा भाग वाचणाऱ्याला स्वतःच तपासता येईल. मोजायची जागा हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असली, तर आकडा सुमारे ८ ने जास्त येणार. तेवढीच वर असली, तर ८ ने कमी.

उभ्या माणसाचा घोटा हृदयापासून साधारण १२० सेंटीमीटर खाली असतो. तिथे धमनीतल्या दाबात सुमारे ९४ ची भर पडते. हृदयापाशी सरासरी दाब ९३ असेल, तर घोट्याच्या धमनीत तो १८७ च्या आसपास असतो. मेंदू हृदयाच्या ३५ सेंटीमीटर वर धरला, तर तिथे ६६ उरतात. एकाच माणसाच्या अंगात, एकाच क्षणी, १८७ आणि ६६! दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही त्याच नियमातून आलेले.

यासाठी यंत्र लागतं असंही नाही. उभं राहून एक हात मिनिटभर खाली सोडा. हाताच्या मागच्या बाजूच्या शिरा फुगून वर येतील. आता तोच हात सरळ ठेवून अगदी सावकाश वर न्या आणि शिरांवर नजर ठेवा. कमरेच्या पातळीला त्या अजून भरलेल्या दिसतात. छातीच्या पातळीला येता येता त्या मऊ पडतात आणि त्याहून थोडं वर गेल्यावर बसतात. कातडी सपाट होते. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे शिरांतलं रक्त परत येतं त्या कप्प्यात, दाब जेमतेम २ ते ६ असतो. एवढा दाब रक्ताला काही सेंटीमीटरच वर चढवू शकतो. हात त्या उंचीच्या पलीकडे गेला की शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहत नाही आणि शीर मिटते.

डॉक्टर मानेची शीर बघतात ती याच तत्त्वावर. रुग्णाला ४५ अंशांत टेकवून बसवतात आणि मानेतल्या शिरेतलं रक्त किती उंचीपर्यंत भरलेलं दिसतं ते बघतात. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून ही उंची ३ सेंटीमीटरपर्यंत असणं ठीक. तो उंचवटा उजव्या अलिंदापासून साधारण ५ सेंटीमीटर वर धरतात, म्हणजे एकूण ८ सेंटीमीटर. त्याहून जास्त भरलं तर हृदयाच्या उजव्या बाजूवर भार आहे अशी शंका घ्यायची. हात न लावता, सुई न टोचता घेतलेलं हे दाबाचं मोजमाप आहे, आणि ते शक्य होतं ते दाब उंचीप्रमाणे बदलतो म्हणूनच. दाब सगळीकडे सारखा असता तर मानेकडे बघून काहीच कळलं नसतं.

रक्तदाबाचं पहिलं मोजमाप करणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी घोडीला आडवं बांधून तिच्या पायाच्या धमनीत नळी बसवली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. १७३३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्त ८ फूट ३ इंच चढलं, आणि ही उंची त्यांनी मोजली ती हृदयाच्या डाव्या निलयाच्या, म्हणजे रक्त शरीराकडे ढकलणाऱ्या कप्प्याच्या पातळीपासून. नळी पायाला, मोजणी हृदयापासून. आजच्या हिशेबाने ते १९६ च्या आसपास येतं. कुठून मोजलं हे सांगितल्याशिवाय त्या उंचीला काही अर्थ उरला नसता, म्हणून त्यांनी ते नोंदवून ठेवलं. पुढे प्वाझॉय यांनी १८२८ मध्ये पाऱ्याची नळी वापरली आणि अडीच मीटरची काच टेबलावर मावेल एवढी झाली. आपण अजून ‘मिलिमीटर पारा’ म्हणतो, तो तिथून आलेला वारसा आहे.

आता दंडाकडे येऊ. हात मांडीवर ठेवला किंवा बाजूला लोंबता सोडला, तर दंडावरचा पट्टा हृदयाच्या थोडा खाली जातो. फरक थोड्याच सेंटीमीटरांचा, पण परिणाम दिसतो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे १३३ प्रौढांवर तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. हात टेबलावर योग्य पातळीला टेकवून घेतलेल्या आकड्यांच्या तुलनेत, हात मांडीवर असताना वरचं बीपी सरासरी ३.९ ने आणि खालचं ४.० ने जास्त आलं. हात बाजूला सोडला तेव्हा वरचं ६.५ ने आणि खालचं ४.४ ने जास्त आलं. ज्याचं बीपी १३६ आहे, त्याला केवळ हात लोंबता ठेवल्यामुळे १४२ दिसेल आणि तो उगाच उच्च रक्तदाबाच्या यादीत जाईल.

उलटी चूक याहून जास्त धोक्याची. वयस्कर माणसं उठून उभी राहिली की काहींचा दाब एकदम घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती पडतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर तो आजार धरतात. आता समजा झोपवून मोजताना हात हृदयाच्या पातळीला होता आणि उभं करून मोजताना तोच हात लोंबता सोडला. खाली सोडलेल्या हाताने आकड्यात भर घातली आणि घसरण तेवढी झाकली गेली. आजार कागदावर आलाच नाही. ‘हात कुठेही ठेवा’ या सल्ल्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती मोजतो मेसेज पाठवणारा नव्हे, पडणारा म्हातारा माणूस.

पास्कलच्या नियमाची दुसरी अट म्हणजे द्रव स्थिर हवा. रक्त वाहतं. महाधमनीत सरासरी दाब ९३ च्या आसपास, केशवाहिन्यांच्या सुरुवातीला ३५ च्या आसपास, आणि उजव्या अलिंदात पोहोचेपर्यंत शून्याजवळ. हा उतार आहे म्हणूनच रक्त पुढे सरकतं. उताणं झोपवून उंचीचा फरक काढून टाकला आणि तरीही दाब खरोखरच सगळीकडे सारखा निघाला, तर त्याचा अर्थ एकच: रक्त वाहायचं थांबलं आहे.

‘रक्त गोल फिरतं, म्हणून उंची कटते’

हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात हुशार मुद्दा आहे, आणि त्यात खरं काहीतरी आहे. हृदयाला रक्त डोक्यापर्यंत चढवायला जी ऊर्जा लागते, ती उतरणारं रक्त बऱ्याच अंशी परत देतं. पायाकडे जाताना धमनीतल्या रक्ताला जेवढी भर मिळते, तेवढीच शिरेतल्या रक्तालाही मिळते. उभ्या माणसाच्या घोट्यात धमनीचा दाब १८७ झाला, तसा शिरेचाही ९० च्या वर जातो. दोहोंतला फरक साधारण पूर्वीएवढाच राहतो आणि रक्त वाहत राहतं. इथपर्यंत मेसेज बरोबर.

पण कटतो तो दोन बाजूंमधला फरक. एका ठिकाणचा दाब कटत नाही, आणि पट्टा मोजतो तो एका ठिकाणचा दाब. घोट्याच्या शिरेच्या भिंतीला ९० सोसावेच लागतात. पलीकडच्या धमनीतही तेवढीच भर पडली आहे याने तिचं ओझं हलकं होत नाही. तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्यांचे पाय म्हणून सुजतात: केशवाहिन्यांतला वाढलेला दाब पाणी बाहेर ढकलतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, शिरांतल्या झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत, आणि घोट्याच्या शिरेतला दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. रक्ताचा अखंड स्तंभ झडपांनी तुकड्यातुकड्यांत तोडला जातो, त्याचा हा परिणाम.

डोक्याच्या बाजूला तर ‘कटण्या’चं गणित आणखी लंगडं पडतं. लोखंडी नळीतलं पाणी खाली उतरताना वरचं पाणी ओढून घेतं. मानेच्या शिरा मऊ आहेत, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की त्या मिटतात. कवटीच्या आतल्या कठीण भिंतींच्या शिरा मात्र मिटू शकत नाहीत, म्हणून उभ्या माणसात तिथला दाब वातावरणापेक्षाही कमी होतो. रुग्णाला बसवून मेंदूची शस्त्रक्रिया करताना उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याची भीती असते, ती यामुळेच. जिराफाचं बघा. त्याचा मेंदू हृदयाच्या सुमारे दोन मीटर वर. तिथे रक्त नुसतं पोहोचायलाच १५५ लागतात. उंची खरोखर कटत असती तर जिराफाला माणसाएवढाच दाब पुरला असता. प्रत्यक्षात त्याच्या हृदयाजवळचा दाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो.

‘हवेचा दाब ७६०, मग १२० ला अर्थ काय?’

याचं उत्तर लहान आहे. १२० म्हणजे हवेच्या दाबापेक्षा १२० ने जास्त. समुद्रसपाटीला एकूण दाब ८८० झाला. हवा शरीराला बाहेरून दाबते आणि तोच दाब ऊतींतून आत रक्तापर्यंतही पोहोचतो (इथे पास्कलचा नियम अगदी चपखल लागू पडतो), म्हणून धमनीच्या भिंतीला ताण जाणवतो तो फक्त वरच्या १२० चा. यंत्राचा पट्टाही त्याच हवेत असतो, म्हणून तोही जास्तीचाच दाब मोजतो. टायरमधली हवा मोजताना हेच करतो आणि तिथे कुणी शंका काढत नाही.

अतिदक्षता विभागात मात्र हा शून्य हाताने लावावा लागतो. धमनीत बारीक नळी घातलेली असते, ती द्रवाने भरलेल्या लांब नळीतून ट्रान्सड्यूसरला, म्हणजे दाब टिपून मॉनिटरला कळवणाऱ्या उपकरणाला जोडलेली. परिचारिका तोटी हवेकडे उघडते, मॉनिटरवर ‘झिरो’ करते, आणि ट्रान्सड्यूसर बरगड्यांमधल्या चौथ्या जागेच्या रेषेत, छातीच्या कडेच्या मध्यावर आणून ठेवते. उजवं अलिंद त्या पातळीला असतं म्हणून ती जागा. आता कुणी काही कामासाठी पलंग २० सेंटीमीटर वर घेतला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर होता तिथेच राहिला. नळीतल्या द्रवाच्या वाढलेल्या उंचीमुळे मॉनिटरवरचा आकडा सुमारे १५ ने फुगतो. रुग्णाचा सरासरी दाब खरा ५५ असेल, तर पडद्यावर ७० दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. चांगल्या परिचारिका पलंग हलला की आधी ट्रान्सड्यूसर हलवतात. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा त्यांना विचारलं असतं तरी हा सगळा खटाटोप वाचला असता.

पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा दाब मोजतानाही हेच. रुग्णाला कुशीवर झोपवतात, म्हणजे डोकं आणि कंबर एका पातळीला येतात. मोठ्या माणसात तो साधारण १० ते २० सेंटीमीटर पाणी भरतो. त्यालाच बसवून मोजलं तर कमरेपाशी आकडा ४० सेंटीमीटर पाण्याच्या घरात जाऊ शकतो, कारण आता वर उभा स्तंभ आहे. कुशीवरचे निकष बसलेल्या माणसाला लावले, तर धडधाकट मेंदूलाही आजारी ठरवू.

‘पट्टा कोणताही चालतो, हवेचा दाब तो हवेचा दाब’

पट्ट्यातल्या हवेचा दाब पट्ट्यात सगळीकडे सारखा असतो, हे खरं. पण आपल्याला तो धमनीपर्यंत पोहोचवायचा आहे, आणि मध्ये कातडी, चरबी, स्नायू आहेत. अरुंद पट्ट्याखाली दाब मधोमध खोल जातो आणि कडांकडे विरून जातो. जाड दंडात तो धमनीपर्यंत पोहोचेतो कमी झालेला असतो. मग धमनी मिटायला पट्ट्यात जास्त हवा भरावी लागते, आणि यंत्र तो जास्तीचा आकडा रुग्णाच्या नावावर लिहितं.

ही चूक इतिहासातही झाली आहे. रीवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडावरचा पट्टा आणला तो सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीचा होता आणि आकडे जास्त यायचे. फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये हे दाखवून दिलं आणि पट्टा रुंद झाला. आज नियम असा की आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्यांना अति-मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधून पाहिला. वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. १९.५! एवढ्या फरकावर दुसरी गोळी सुरू होते. मेसेज म्हणतो गोळ्या विनाकारण दिल्या जातात. विनाकारण गोळ्या टाळायच्या असतील, तर बरोबर मापाचा पट्टा मागणं हा पहिला उपाय आहे, आणि नेमका तोच मेसेज करू नका म्हणतो.

डोळ्याचा दाब मोजणाऱ्यांनी मधल्या भिंतीचा हा प्रश्न फार देखण्या पद्धतीने सोडवला आहे. गोल्डमन यांच्या उपकरणात बुबुळावरचा पारदर्शक पडदा ३.०६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढा सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतात. हाच व्यास का? कारण तेवढ्या आकाराला पडद्याचा स्वतःचा ताठरपणा आणि अश्रूंच्या थराची ओढ एकमेकांना जवळपास तोलतात. शिवाय त्या क्षेत्रफळावर १ ग्रॅमचा जोर म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पारा, हिशेबही सोपा. तरी पडदा नेहमीपेक्षा जाड असेल तर आकडा जास्त येतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीत जाडीही मोजतात. बाहेरून दाब मोजताना मधली भिंत विसरून चालत नाही. दंडाची भिंत तर याहून कितीतरी जाड आहे.

‘अरुंद जागी दाब जास्त, बीपी नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते, असं उदाहरण दिलं आहे. धार जोरात उडते म्हणजे वेग वाढला. अंगठ्यापाशी बाहेर पडणाऱ्या त्या धारेचा दाब मात्र हवेएवढाच असतो, कारण ती हवेतच आहे. वाढलेला दाब अंगठ्याच्या मागे, पाइपमध्ये आहे. वेग मिळवण्यासाठी पाण्याने दाब खर्च केला. बर्नुलीचं म्हणणं हेच आहे: अरुंद जागी वेग वाढतो आणि दाब उतरतो.

हृदयाच्या डॉप्लर तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजताना, डॉक्टर याचाच उपयोग करतात. रक्ताची घनता घालून समीकरण सोडवलं की एक सुटसुटीत सूत्र हाती येतं: दाबातला फरक म्हणजे ४ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. महाधमनीच्या आकसलेल्या झडपेतून रक्त ४ मीटर प्रति सेकंद वेगाने उसळत असेल, तर झडपेच्या दोन बाजूंमध्ये ६४ चा फरक आहे. ४ मीटर ही झडप फारच आकसल्याची खूण धरतात. अशा माणसाच्या डाव्या निलयाला प्रत्येक ठोक्याला १२० ऐवजी १८० च्या वर दाब तयार करावा लागत असेल, आणि दंडावर त्याच वेळी १२० दिसत असतील. दंडावरचं बीपी अगदी नॉर्मल, आणि आत हृदय दमत चाललेलं.

हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचंही तसंच. एखादी धमनी अरुंद झाली तर दाब पडतो तो अडथळ्याच्या पलीकडे. विश्रांतीत पलीकडच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन प्रवाह सांभाळून घेतात, म्हणून माणसाला काही जाणवत नाही. जिना चढताना ती सवलत संपते आणि छातीत दुखतं. अँजिओग्राफीत शंका उरली तर दाब मोजणारी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात, औषधाने वाहिन्या पूर्ण रुंद करतात आणि पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब असं गुणोत्तर काढतात. ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा महत्त्वाचा. मेसेजप्रमाणे अरुंद जागेमुळे दाब वाढत असता तर हे गुणोत्तर कधी १ च्या खाली आलंच नसतं. दंडावर बांधलेल्या पट्ट्याला या बारीक धमनीतलं काही कळायचा मार्गच नाही. म्हणून कळकळीने सांगतो: चालताना छातीत दाटत असेल आणि बीपी १२०/८० असेल, तरी डॉक्टरांकडे जा.

पायांच्या धमन्यांची तपासणी मात्र पट्ट्याने होते, आणि ती झोपवूनच करतात, म्हणजे घोटा आणि दंड एका पातळीला येतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब १ च्या आसपास किंवा थोडा वर असावा. ०.९ किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमनीत अडथळा असण्याची शक्यता. हीच तपासणी उभं करून केली तर रक्ताच्या स्तंभाचे ९४ घोट्याच्या आकड्यात मिसळतील आणि आजारी पायही निरोगी दिसेल.

‘दर वेळी वेगळा आकडा, म्हणजे यंत्र खोटं’

दाब खरोखरच बदलतो. श्वासागणिक बदलतो, बोलताना वाढतो, मूत्राशय भरलं असेल तर वाढतो, पायावर पाय टाकून बसलं तरी वाढतो. म्हणून पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, न बोलता मोजायचं, एक-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजायचं आणि काही दिवसांची सरासरी डॉक्टरांना दाखवायची. आपोआप चालणारं यंत्र पट्ट्यातले हेलकावे टिपतं, ते सगळ्यात मोठे असतील तिथे सरासरी दाब धरतं आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून अंदाजाने काढतं. दोन-चार अंकांचा फरक त्यात येणारच. फरक आहे म्हणून मोजणं सोडायचं, की एका आकड्यावर न थांबता अनेक आकडे घ्यायचे? मोजमापाच्या कुठल्याही शास्त्रात दुसराच मार्ग धरतात.

मेसेजबरोबर पुरावा म्हणून एक व्हिडिओही फिरतो. त्यात एक जण मनगटावरच्या यंत्राने आधी हात खाली लोंबता ठेवून मोजतो: १५७. मग हात कपाळाच्या पातळीपर्यंत उचलून धरतो: ९६. ‘एकच माणूस, एकच मिनिट, ६१ चा फरक, बघा कसं फसवतात,’ असं तो म्हणतो. ६१ भागिले ०.७८ केलं की ७८ सेंटीमीटर येतात. लोंबत्या मनगटापासून कपाळापर्यंतची उंची टेपने मोजा, साधारण एवढीच भरेल. मनगट हृदयाच्या ४५ सेंटीमीटर खाली होतं तेव्हा यंत्राने ३५ ची भर दाखवली, ३३ सेंटीमीटर वर गेलं तेव्हा २६ ची घट. दोन्ही बाजूंनी हिशेब केला तर हृदयाच्या पातळीला १२२ येतात. मनगट छातीसमोर धरून त्याने तिसऱ्यांदा मोजलं असतं, तर यंत्राने १२२ च्या आसपासचाच आकडा दाखवला असता.